अकरावा खण

१

सुतार काचेच्या पेट्या घेऊन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. हातगाड्यावर तीन पेट्या, मध्ये गोणपाट कोंबलेलं, आणि वाटभर त्याचं एकच पालुपद, काच तडकली तर माझं नाव घेऊ नका. अमृतरावांनी त्यासाठी रजा टाकली होती. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. बावीस वर्षांत त्यांनी घेतलेल्या बहुतेक रजा कुणाच्या ना कुणाच्या घरी निघालेल्या सापापायी गेल्या होत्या.

वसमतमध्ये कुठं साप निघाला की लोक आधी काठीवाल्या शेजाऱ्याला बोलवायचे, आणि शेजाऱ्याची हिंमत सरली की अमृतरावांना. अमृतराव सायकलवर यायचे, सोबत लोखंडी आकडा आणि कापडी पिशवी. धरलेला साप घरामागच्या खोलीत ठेवायचा आणि वन खात्याची गाडी औंढ्याच्या डोंगराकडं निघाली की तिच्यात घालून द्यायचा. गाडी कधी दोन दिवसांनी निघायची, कधी पंधरा. तोवर साप घरचा पाहुणा.

पाहुण्यांची सोय एका कपाटात होती. हळदीच्या एका आडत दुकानातनं आलेलं सागवानी कपाट, सोळा उथळ खणांचं. पूर्वी त्यात हळदीचे नमुने असायचे. अमृतरावांनी प्रत्येक खणाला गिरमिटानं भोकं पाडली, पुढं पितळी चौकटीत एकेक कार्ड घातलं. कार्डाची एक बाजू पांढरी, एक लाल. खण रिकामा असला की पांढरी बाजू पुढं, आत साप असला की लाल. तीस पावलांवरून कळलं पाहिजे, असं ते म्हणायचे.

"पेट्या त्या भिंतीला," अमृतराव सुताराला म्हणाले. "आधी हे कपाट काढू. तूच घेऊन जा, लाकूड चांगलं हाय."

"कपाट ऱ्हाऊ द्या," पाठीमागून आवाज आला.

सोजराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. लेक गेल्यापासून, म्हणजे साल होत आलं, त्यांनी या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. लेकीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी सगळ्या सोयऱ्यांसमोर त्याच म्हणाल्या होत्या, की ते कपाट अंगणात काढा आणि काडी लावा. अमृतरावांनाच तेव्हा धीर झाला नाही.

"ठेवून काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या म्हणलं ना. तुमचं काय खाऊन राहिलं का ते?" एवढं बोलून त्या आत गेल्या.

सुतारानं अमृतरावांकडं पाहिलं. अमृतरावांनी समोरच्या भिंतीकडं बोट केलं, आणि पेट्या कपाटासमोर लागल्या.

२

खण की काच, हा वाद त्या घरात जुना होता आणि तो लावला होता ज्योतीनं. एकुलती एक लेक, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, बापाच्याच कॉलेजात. लायब्ररीतल्या जाड पुस्तकातली चित्रं वहीत काढून आणायची: काचेची पेटी, तळाला माती, वाळका पाला, एक दगड, एक वाकडी फांदी. आणि जेवताना बापाशी भांडायची.

"खण म्हणजे काय, पत्र टाकायचा डबा हाय का? जीव हाय तो."

"जीव हाय म्हणूनच. सापाला उजेड नको, माणसाचं तोंड नको. चारी बाजूनं अंगाला काहीतरी लागलं की तो निवांत बसतो. तुझ्या काचेत त्याला आरपार दिसतं आन् जाता येत न्हाई. मग नाक घासून घासून रक्त काढतो."

"आन् आपल्याला काय दिसतं खणात?"

"आपल्याला काहून दिसाया पायजे? आपण काय सर्कस काढली का?"

"हात घालायच्या आधी दिसाया पायजे, बाबा."

अमृतराव हसायचे. दिसतंच की, कार्ड आहे. लाल म्हणजे आहे, पांढरं म्हणजे नाही. सापापेक्षा कार्ड भरवशाचं. सोजराबाई लेकीच्या बाजूनं असायच्या, पण त्यांचं म्हणणं एवढंच, की घरात जे काही आहे ते डोळ्यांसमोर असावं. शेवटी अमृतराव पुढच्या दिवाळीला बघू म्हणायचे, आणि वाद भाकरीबरोबर संपायचा.

कपाटाचं सकाळचं काम ज्योतीकडं होतं. लाल कार्डाच्या खणाला तिनं हात लावायचा नाही, ते अमृतराव बघायचे. पांढऱ्या कार्डाचे खण मात्र ती रोज ओळीनं उघडायची, कालचा पेपर काढून नवा अंथरायची आणि वाटीत ताजं पाणी ओतायची. साप कधी येईल याचा नेम नाही आणि आलेल्याला कोरड्या वाटीसमोर सोडायचं नाही, हा अमृतरावांचा दंडक. रिकाम्या खणांत रोज पाणी बदलणारं घर साऱ्या जिल्ह्यात हे एकच असेल.

ज्योती अकराव्या खणातल्या मण्यारीनं गेली. लोक जमले तेव्हा सगळ्यांनी पाहिलं, अकराव्या खणावर लाल कार्ड होतं. शिकलेली पोरगी, इतकं ढळढळीत लाल दिसलं नाही का, असं लोक हळहळून म्हणाले. अमृतराव तिथंच भिंतीला टेकून बसले होते आणि काही बोलले नाहीत.

३

ज्योती गेल्यापासून अमृतरावांनी एकही साप धरला नव्हता. पेट्या आल्यावर आठवड्यात पहिला पाहुणा आला. सहा फुटी धामण, गुळाच्या गोदामातली. अमृतरावांनी तिला मधल्या पेटीत सोडलं. आत पाला होता, दगड होता, ज्योतीच्या वहीतल्यासारखी वाकडी फांदीही त्यांनी शोधून आणली होती. ती ठेवताना त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी आवरलंही नाही, कारण खोलीत धामणीशिवाय कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना त्यांनी पेटीत डोकावलं आणि वळताना त्यांची नजर कपाटावर गेली. अकरावा खण बोटभर बाहेर आलेला होता.

त्यांनी तो आत ढकलला. लाकूड आहे, फुगतं, आक्रसतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोटभर. त्यांनी फरशी पाण्यानं तपासली. पाणी भिंतीकडं वाहत होतं, म्हणजे उतार मागं होता आणि खण पुढं यायचं कारण नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी लाकडाची एक पाचर तासून खणाच्या फटीत ठोकली. पाचव्या दिवशी पाचर जमिनीवर होती, मोडलेली नाही, कुणी अलगद काढून ठेवावी तशी. आणि चौकटीतलं लाल कार्ड पांढरं झालं होतं.

अमृतराव त्या कार्डाकडं बघत उभे राहिले.

भुताखेताचा विचार त्यांच्या मनात आला नाही. बावीस वर्षं त्यांनी बाटल्यांतले जीव पाहिले होते. मेलेलं ते मेलेलं, याविषयी त्यांना शंका नव्हती. भीती वाटली ती वेगळीच. घरात माणसं दोन. त्यांनी स्वतः कार्ड फिरवलं नव्हतं. म्हणजे सोजराबाईंनी फिरवलं. आणि अकराव्या खणाचं कार्ड पांढरं करणाऱ्या माणसाला एक गोष्ट माहीत असली पाहिजे, जी अमृतरावांनी सालभर कुणालाही सांगितली नव्हती.

ज्योती गेली त्या सकाळी ते कार्ड पांढरंच होतं. लाल नंतर झालं.

विचारावं तरी पंचाईत. कार्ड तू फिरवलंस का, एवढं जरी म्हटलं तरी ती म्हणणार, काहून, ते कसं असाया पायजे होतं? सोजराबाई त्यांना वाढत होत्या, कपडे काढून देत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. अमृतराव मान खाली घालून जेवत राहिले. कपाटाचं नाव काढायची त्यांची हिंमत झाली नाही.

४

सोजराबाईंचा भाऊ कळमनुरीला होता. त्याच्या सुनेचं बाळंतपण निघालं म्हणून सोजराबाई चार दिवसांसाठी एस.टी.नं गेल्या. जाताना त्यांनी तीनतीनदा सांगितलं, कपाटाला हात लावू नका. अमृतरावांनी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अमृतराव न्हाणीत होते. न्हाणी मागच्या खोलीला लागूनच, मध्ये एक विटेची भिंत. त्यांनी डोक्यावर तांब्या घेतला आणि भिंतीपलीकडून आवाज आला. लाकूड सरकल्याचा. मग पितळी वाटी टेकल्याचा. मग लाकूड परत आत गेल्याचा.

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. गेले कित्येक महिने आंघोळ करताना तो त्यांच्या कानांवर पडत होता. सोजराबाई स्वयंपाकघरात काहीतरी काढत-ठेवत असतील, असं समजून त्यांनी त्याची कधी दखल घेतली नव्हती. आज सोजराबाई कळमनुरीला होत्या.

पुन्हा लाकूड, वाटी, लाकूड. अमृतराव ओल्या अंगानं बसून मोजू लागले. घाई नव्हती त्या आवाजात. रोजचं काम करणारं माणूस ज्या चालीनं करतं ती चाल होती. सहा, सात, आठ. नववा खण जरा अडकायचा, त्याला दोन हिसके द्यावे लागायचे. नवव्याला दोन हिसके बसले. दहावा झाला. मग अकराव्याचं लाकूड थोडंसं सरकलं आणि थांबलं.

आणखी काही नाही. वाटी नाही, पुढचा खण नाही.

ते टॉवेल गुंडाळून धावले. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीला आतून कडी होती. दहा खण बंद, अकरावा बोटभर बाहेर. पाण्याचा एक थेंबही कुठं नव्हता; खण उघडून पाहिले तर वाट्या कोरड्या, सालभराच्या धुळीनं भरलेल्या. मनाचा खेळ, असं ते स्वतःशी म्हणाले. दुःखानं माणसाचे कान फिरतात, डॉक्टरसुद्धा सांगतील.

मग त्यांनी धामणीकडं पाहिलं. उजेड झाला की ती पाल्यात दडी मारायची. आता मात्र ती काचेला लागून हातभर उभी होती, तोंड कपाटाकडं, जीभ आतबाहेर. सापाला जमिनीतनं हादरा कळतो, एवढं अमृतराव दर वर्षी नव्या पोरांना सांगायचे. पुढचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तसं सांगायची पाळी आली नव्हती. सापाला भास होत नाहीत.

५

अकराव्याला आवाज का थांबतो, हे त्यांना दिवसभरात उमगलं. खरं तर ते त्यांना पहिल्या क्षणालाच कळलं होतं.

त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी साखर कारखान्याच्या रस्त्यावरच्या एका घरातनं मण्यार आणली होती. अकराव्या खणात सोडली, खण लावला, तोच दारात पाहुणे आले. कार्ड फिरवायचं राहिलं. बावीस वर्षांत एकदा राहिलं.

सकाळी ते ओसरीवर दाढी करत होते. रेडिओवर बाजारभाव चालू होते. मागच्या खोलीतनं ज्योतीनं हाक दिली, "बाबा, पिशवी ओली दिसून राहिली. काल काही आणलं का? अकरा उघडू का?"

कार्ड पांढरं असूनही तिला शंका आली होती. पोरगी बेफिकीर नव्हतीच. तिनं खण बोटभर ओढला होता आणि उत्तरासाठी थांबली होती. अमृतरावांनी हळदीचा भाव ऐकता ऐकता, गालावर वस्तरा धरून, तोंडातल्या तोंडात म्हटलं, "उघड."

मण्यार पेपराखाली, मागच्या फळीला अंधारात चिकटून होती. मण्यारीचा दात म्हणजे मुंगी चावल्यागत, कळतही नाही. ज्योतीला वाटलं खणाचा खिळा टोचला. तिनं नवा पेपर अंथरला, पाणी ओतलं, पुढचे पाच खण पुरे केले, आणि आईजवळ बसून चहा प्याली. मग तिचे डोळे मिटायला लागले. परीक्षेसाठी रात्री जागली होती, म्हणून सोजराबाईंनी तिच्या अंगावर चादर घातली.

अमृतराव अकराच्या सुमाराला मागच्या खोलीत गेले. अकरावा खण उघडला आणि मण्यारीच्या खाली आजचा पेपर दिसला. क्षणात सगळं समजलं. घरात लेकरू झोपलं होतं, गाडी बोलवायची होती, नांदेडचा रस्ता धरायचा होता. त्याच्या आधी अमृतरावांनी कार्ड फिरवलं. पांढऱ्याचं लाल केलं, आणि मग धावले.

का केलं, याचं उत्तर त्यांना सालभरात सापडलं नव्हतं. हातानं केलं, एवढंच त्यांना सांगता आलं असतं.

६

आवाज मोजला त्याच्या दुसऱ्या दिवशी पावणेसातला ते मागच्या खोलीत जाऊन बसले. कपाटाकडं पाठ, काचेच्या पेटीकडं तोंड. पेटीच्या पाठीला सुतारानं काळा रंग दिला होता, त्यामुळं खिडकीतला उजेड वर चढला की पुढच्या काचेत अख्खं कपाट उमटायचं. सरळ बघायचं धाडस त्यांच्यात नव्हतं.

सातला धामण उभी राहिली. त्यांच्या पाठीमागं पहिला खण सरकला.

काचेत खण बाहेर येताना दिसला आणि आत जाताना दिसला. दुसरा, तिसरा. अमृतराव गुडघे धरून बसले होते. सहाव्या खणाला त्यांना हात दिसला. धामणीच्या अंगावरून, पाल्याच्या रेघांतून, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात. कोपराच्या वर काच संपत होती. तिनं बाही जराशी वर सरकवली होती, पाण्याचं काम करताना सरकवायची तशी.

दहावा खण झाला. अकरावा बोटभर सरकला आणि हात मुठीवर तसाच राहिला. विचारलेलं काही ऐकू आलं नाही. पण खोलीत कुणीतरी वाट बघत होतं, आणि ते रोज, तीनशेहून जास्त सकाळी, असंच वाट बघत उभं राहिलं होतं. बाप भिंतीपलीकडं आंघोळ करत होता.

"नको," अमृतराव म्हणाले. "नको उघडू, ज्योती. आत हाय. मी कार्ड फिरवलं न्हाई."

हात हलला नाही. मग खण हळूच आत गेला. काचेत नुसतं कपाट राहिलं, आणि धामण खाली उतरून पाल्यात शिरली.

अमृतराव कपाटाला धरून रडले. त्यांना वाटलं, झालं. जे तेव्हा म्हणायचं होतं ते आज म्हटलं. तिला आता मोकळं वाटेल. त्यानंतरच्या दोन सकाळी खोलीतून काहीही ऐकू आलं नाही आणि सालभरात पहिल्यांदा ते पोटभर जेवले.

७

सोजराबाई परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सात वाजता त्यांनी चहा टाकला आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. सव्वासात झाले. चहा निवला. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी अमृतराव न्हाणीतून आले, तर त्या दाराकडं तोंड करून बसलेल्या, समोर तीन कप.

"तुमी तिला काय म्हणलात?" त्यांनी विचारलं.

अमृतरावांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"माझ्या माघारी तुमी तिला काहीतरी म्हणलात. ती येऊन न्हाई राहिली." सोजराबाईंचा आवाज चढला नव्हता. "आधी मला उंदीर वाटले. मग मी मोजले. दहा झाले की थांबते. नवव्याला दोन हिसके. मी रोज चहा टाकते तिच्या वाटणीचा. तेवढंच होतं माझ्यापाशी. कपाट काहून ठेवलं, वाटलं तुमाला?"

"कार्ड... कार्ड तू फिरवलं न्हाई?"

"कोणतं कार्ड? मी आत पाय ठेवला न्हाई."

तेव्हा अमृतराव खाली बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पाहुणे, पांढरं कार्ड, रेडिओ, उघड म्हटलेलं, आणि नंतर लाल केलेलं. काही गाळलं नाही. सोजराबाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी तिसरा कप उचलून पदरानं त्याचा कान पुसला आणि परत ठेवला.

"लोक म्हणले पोरगीच बेफिकीर," त्या म्हणाल्या. "तुमी तिथंच बसला होता."

"व्हय."

"मी बी म्हणले मनात. येवढं लाल दिसलं न्हाई का तुला, माझा जीव घेऊन गेलीस, असं म्हणले. साल झालं, रोज म्हणते." त्यांनी तिसरा कप जवळ ओढला. "माझ्या लेकराला मी शिव्या दिल्या. तिची चूक नसताना."

अमृतरावांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला.

"आन् आता तुमी तिला जा म्हणून सांगितलं."

"जा न्हाई म्हणलो. नको उघडू म्हणलो."

"तिला एकच काम होतं," सोजराबाई म्हणाल्या. "उद्या तुमी न्हाणीत जाऊ नका."

८

दुसऱ्या दिवशी सोजराबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि सालभरानं मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. कपाटाकडं त्यांनी पाहिलं नाही, खाली फरशीकडं पाहिलं.

"ज्योती, बापाचं मनावर घेऊ नको," त्या म्हणाल्या. "ये तू. तुझं काम पुरं कर."

अमृतराव त्यांच्या मागं होते. त्यांना वाटलं, काही होणार नाही. काही होऊ नये, असंही वाटलं, आणि व्हावं, असंही. पेटीतल्या पाल्यात हालचाल झाली. धामण वर आली. आणि पहिला खण सरकला.

दहा झाले. अकरावा बोटभर आला आणि थांबला. सोजराबाईंनी मान वर केली. काय होणार हे कळून अमृतरावांनी त्यांचा दंड धरला, पण तोवर त्या बोलून गेल्या होत्या.

"उघड, बाई."

खण पुरा बाहेर आला. रिकामाच होता तो, अमृतरावांना तळाची फळी दिसत होती, तरी पेपर ओढल्याचा सर्र आवाज झाला. क्षणभर शांतता. मग वाटी टेकली. खण आत गेला. बारावा निघाला, तेरावा, चौदावा. सालभर न ऐकलेले ते खण एकामागून एक होत होते आणि सोजराबाई हसत होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सोळावा होण्याआधीच त्या लगबगीनं चुलीकडं वळल्या.

अमृतराव त्यांच्यामागं स्वयंपाकघरात येऊन बसले. पाठ दाराकडं. वळून बसायची त्यांची छाती झाली नाही. सोजराबाईंनी तीन कपांत चहा ओतला. मागं उंबऱ्याशी अनवाणी पावलं आली. सोजराबाईंनी अमृतरावांच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. साऱ्या सालात त्यांचा असा चेहरा अमृतरावांनी पाहिला नव्हता. बारा वर्षांनी तरुण दिसत होत्या त्या.

"बस. गरम हाय तवर पी," त्या म्हणाल्या. मग थोड्या थांबल्या, कुणाचं तरी ऐकल्यासारख्या. "टोचलं? कुटं, बघू? अगं, खिळा असंल. तुझ्या बापाला कितीदा म्हणलं, खिळे ठोकून घ्या."

तिसऱ्या कपातला चहा कमी होत नव्हता. त्यावरची वाफ मात्र कुणी फुंकर घालावी तशी एका बाजूला वळत होती.

"डोळे बघ कसे झाले," सोजराबाई मायेनं म्हणाल्या. "रातभर जागलीस. पड जरा इथंच, मी चादर घालते."

आणि त्या चादर आणायला उठल्या.

अमृतराव उभे राहिले. ते दाराकडं वळले नाहीत, मागच्या खोलीत गेले नाहीत, कार्डाकडं गेले नाहीत. पुढच्या दारानं, आहे तसे, अनवाणी, ते रस्त्यावर धावले.

गल्लीच्या तोंडाशी नेमसिंगचं घर होतं. तांड्यावरून येऊन वसमतमध्ये राहिलेला, नांदेडच्या फेऱ्या मारणारा जीपवाला. त्या दिवशीही त्याचीच जीप होती. तो दात घासत उभा होता.

"नांदेड," अमृतराव म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. साप चावला."

"कोणाला?"

"ज्योतीला."

नेमसिंगनं तोंडातलं पाणी थुंकलं. अमृतरावांकडं तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं चावी घेतली. दुःखात माणूस काय वाट्टेल ते बोलतो, एक चक्कर मारून आणू, असं त्याला वाटलं असेल.

जीप दारात लागली. सोजराबाई बाहेर आल्या. आजारी माणसाला आधार देतात तसा त्यांचा एक हात अंगाबाहेर वाकलेला होता, आणि त्या हातावरून चादर लोंबत होती. आता त्यांचा चेहरा पुन्हा म्हातारा झाला होता. "अवो, तिला उभं न्हाई राहावून राहिलं," त्या म्हणाल्या.

त्या मागं चढल्या. अमृतराव आणि नेमसिंग पुढं बसलेले होते, नेमसिंगचे हात चाकावर. मागं दोन माणसं चढल्यावर जीप जेवढी दबते तेवढी ती दबली. नेमसिंगनं आरशात पाहिलं, आणि मग हात वर करून आरसा छताकडं फिरवून टाकला.

"जोरात घे," अमृतराव म्हणाले.

नेमसिंगनं जीप नांदेडच्या रस्त्याला घातली. मागच्या खेपेला जीप या रस्त्याला लागली तेव्हा अकरा वाजून गेले होते. आज अजून आठ वाजायचे होते.